लीजची वर्षं नंतर मोजू, आधी नाव बघू

वाशीहून आलेलं एक पत्र, थोडक्यात:

“ताई, माझं वय ५७. वाशीच्या जुन्या सेक्टरमध्ये सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. यजमानांनी १९९६ साली ते पहिल्या मालकाकडून घेतलं. २०२१ मध्ये ते गेले. मुलगा बंगळुरूला असतो, मुलगी डोंबिवलीत. गुडघ्यांमुळे मला जिना चढवत नाही. म्हणून हे घर विकून मुलीच्या जवळ लिफ्ट असलेलं घर घ्यायचं ठरवलं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, त्यांनी १ लाख टोकनही दिलं. पण त्यांच्या बँकेने कागद परत पाठवले. जमिनीचं लीज, म्हणजे भाडेपट्टा, २०४२ ला संपतंय आणि त्यांना २० वर्षांचं कर्ज हवंय. एक एजंट म्हणतो, ४ लाख द्या, लीज वाढवून आणतो. असोसिएशनचे सेक्रेटरी म्हणतात, जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे कायमची आपल्या मालकीची, होणारच आहे, थांबा. दुसरं एक गिऱ्हाईक कर्जाशिवाय घ्यायला तयार आहे, पण १५ लाख कमी देतंय. २०४२ ला सिडको आमचं घर परत घेणार का? मी काय करू? रात्र रात्र झोप लागत नाही.”

प्रिय ताई,

तुम्ही मला ताई म्हणालात. वयाने आपण मागेपुढेच असू, म्हणून मीही तुम्हाला ताईच म्हणते.

झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. २०४२ साली मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी येऊन तुमचं सामान जिन्यात ठेवणार नाही. मुदत संपली की भाडेपट्टा संपतो, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो खरा. पण मुदतीनंतरही जमीनमालकाने भाडं घेतलं किंवा राहू दिलं, तर पट्टा पुढे चालू राहिला असं धरावं, हेही त्याच कायद्यात आहे. शिवाय राहत्या माणसाला कायद्याची सगळी रीत पाळल्याशिवाय घराबाहेर काढता येत नाही. आणि या चिंतेत तुम्ही एकट्या नाही. वाशीच्या जुन्या सेक्टरांपासून बेलापूरपर्यंत हजारो बिऱ्हाडं अशाच जमिनीवर उभी आहेत. इतक्या लोकांना कुठलंही सरकार एका रात्रीत रस्त्यावर आणणार नाही, हे मी पूर्ण विचार करून लिहितेय. तेव्हा आज रात्री झोपा.

पण उद्या सकाळी उठून कामाला लागायचं आहे. कारण लीज संपायच्या कितीतरी आधीच त्याचा जाच सुरू होतो, आणि तुमच्या दारात तो आलाच आहे. कर्ज फिटेपर्यंत तारण टिकायला हवं, एवढंच बँक बघते. २० वर्षांचा हप्ता २०४२ च्या पलीकडे जातो आणि तारण त्याआधीच संपतं. त्यात बहुतेक बँकांना कर्ज फिटल्यावरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक हवी असतात. त्यामुळे वर्षं जसजशी कमी होतील तसतसं कर्ज घेऊन येणारं गिऱ्हाईक कमी होत जाईल, आणि उरलेली माणसं भाव पाडून मागतील. तुमचा तो १५ लाखांचा फरक इथूनच आला आहे.

आता जरा मागे जाऊ या, कारण “घर आपलं, मग जमीन सिडकोची कशी?” हा प्रश्न तुमच्या पत्रात न लिहिता आलाच आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर वसलं. सिडकोने ती जमीन कायमची विकली नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. १९८४ च्या जासईच्या लढ्यात माणसं गेली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतके विकसित भूखंड त्यांना परत मिळाले. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या मातीत भात लावला आणि मीठ पिकवलं, त्यांच्या हातातही ते भूखंड भाडेपट्ट्यानेच आले. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. पट्ट्याची मुदत हा प्रश्न या शहराच्या पायातच आहे, तुमच्या यजमानांनी काही चूक केली म्हणून तो आलेला नाही.

नवी मुंबईत अशा जमिनीवरच्या घरांच्या साधारण दोन तऱ्हा दिसतात. एका तऱ्हेत बिल्डरने सिडकोकडून भूखंड घेतलेला असतो, त्याच्याशी आधी पट्ट्याचा करारनामा होतो आणि इमारत पूर्ण झाल्यावर सोसायटीच्या नावे लीज डीड, म्हणजे पट्ट्याचा दस्त, होतं. दुसरी तऱ्हा तुमची. इमारत सिडकोने बांधली, घरं लोकांना दिली आणि १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली प्रत्येकाशी डीड ऑफ अपार्टमेंट केलं. त्यात घर तुमचं आणि इमारतीखालच्या पट्ट्याच्या जमिनीत तुमचा न वाटलेला हिस्सा. हा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. तो आकडा शोधून वहीत लिहून ठेवा, पुढे पैशांचा हिशेब त्याच्यावरच होईल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्स मी दोनदा वाचल्या, आणि मला २०४२ पेक्षा १९९६ ची जास्त काळजी वाटली. डीड ऑफ अपार्टमेंट पहिल्या मालकाच्या नावावर आहे. त्यांनी तुमच्या यजमानांना स्टॅम्प पेपरवर करारनामा करून दिला, सोबत पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दिली. दोन्हींवर नोटरीचा शिक्का आहे, पण दुय्यम निबंधकाकडची नोंदणी कुठेच दिसत नाही. सिडकोच्या परवानगीचा आणि हस्तांतरण शुल्काच्या पावतीचा कागदही नाही. वीज बिल यजमानांच्या नावाचं आहे, महापालिकेची मालमत्ता कराची पावती त्यांच्या नावाची आहे. त्यावरून तुम्ही इथे राहता आणि पैसे भरता हे दिसतं. मालकी त्यावरून ठरत नाही.

म्हणजे सिडकोच्या दप्तरी ते घर आजही त्या पहिल्या गृहस्थांचंच आहे. उद्या लीज ९९ वर्षांचं झालं, अगदी जमीन फ्रीहोल्ड झाली, तरी तो लाभ कागदावर त्यांच्या नावाने येईल. बँकेने आज लीजवर बोट ठेवलं. ते नसतं तर चार दिवसांनी तिच्या वकिलाने इथे बोट ठेवलं असतं. म्हणून एजंट आणि सेक्रेटरी दोघांनाही मी म्हणेन, लीजची वर्षं नंतर मोजू, आधी नाव बघू.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईत असे व्यवहार घरोघरी झाले. परवानगी आणि शुल्क वाचवण्यासाठी लोक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर घर घेत आणि “नंतर करू” म्हणत. तुमच्या यजमानांनी शेजाऱ्यांनी केलं तेच केलं, त्याबद्दल त्यांना मनातल्या मनातसुद्धा दोष देऊ नका. पण कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये, सूरज लॅम्प या प्रकरणात, स्पष्ट सांगितलं की करारनामा, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो. त्याच निकालात तुमच्या कामाचं एक वाक्यही आहे. आधी झालेले असे खरे व्यवहार दाखवून विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत सिडकोकडे, वाटप किंवा पट्टा नियमित करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, असं न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणजे ते जुने पिवळे कागद निरुपयोगी नाहीत. प्लास्टिकमध्ये घालून जपा. लॅमिनेट मात्र करू नका, मूळ कागद तपासताना अडचण येते.

आणखी एक. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देणारा माणूस गेला की सर्वसाधारणपणे तिचा अधिकारही जातो. तुमच्याकडे उलट बाजू आहे, ज्यांच्या नावे ती होती ते तुमचे यजमानच गेले. त्यामुळे तो कागद घेऊन आता कोणी तुमच्या वतीने सही करू शकत नाही. “मागची तारीख टाकून करून घेऊ” असं कोणी सुचवलं तर त्याला चहासुद्धा विचारू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात सही तुमची असेल.

मग वाट काय? पहिले मालक कुठे आहेत ते शोधा. पत्रात तुम्ही लिहिलंय की ते साताऱ्याकडचे होते आणि यजमानांशी त्यांचे संबंध चांगले होते. ते हयात असतील तर अर्धं ओझं उतरलं. ते आणि तुम्ही सगळे वारस मिळून सिडकोकडे हस्तांतरणाचा अर्ज करायचा, ठरलेलं शुल्क भरायचं, परवानगी आली की नोंदणीकृत दस्त करायचा. जमलं तर मुलासोबत त्यांना स्वतः भेटा, फोनवर सही मागू नका. इतक्या वर्षांनी कोणी “सही करा” म्हटलं की माणूस बिचकतो, आणि आजच्या वाशीचे भाव कानावर असले तर त्याच्या घरातलं कोणीतरी त्याच्या कानात काहीबाही सांगतंही. १९९६ ची पैसे दिल्याची पावती, बँकेच्या पासबुकातली नोंद, तेव्हाची पत्रं, जे असेल ते सोबत न्या. ते गेले असतील तर त्यांच्या वारसांपर्यंत जावं लागेल. त्यांनी साफ नकार दिला, तर दिवाणी दाव्याचा विचार वकिलाबरोबर करावा लागेल. अशा दाव्यांना मुदतीचं बंधन असतं, म्हणून नकार मिळाल्यावर वर्षभर स्वस्थ बसायचं नाही.

दुसरा धागा तुमच्या स्वतःच्या घरातला आहे. तुम्ही लिहिलंत, “वारस आम्ही तिघंच, मी आणि दोन मुलं.” पण पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की सासूबाई २०२३ ला कराडला गेल्या. ताई, यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई ही पहिल्या वर्गातली वारस असते, बायको आणि मुलांच्या बरोबरीची. म्हणजे २०२१ मध्ये तुम्ही, मुलगा, मुलगी आणि सासूबाई, प्रत्येकाचा पाव हिस्सा झाला. सासऱ्यांचं आधीच निधन झालेलं, तेव्हा सासूबाईंचा पाव हिस्सा २०२३ मध्ये त्यांच्या मुलांकडे गेला. तुमचे दीर, तुमची नणंद, आणि गेलेल्या मुलाच्या जागी तुमची दोन मुलं मिळून, असे त्याचे तीन भाग. म्हणजे दिरांचा आणि नणंदेचा प्रत्येकी एक बारांश हिस्सा कागदावर निघतो. यजमानांनी किंवा सासूबाईंनी मृत्युपत्र केलं असेल तर चित्र बदलेल, म्हणून कपाटं नीट शोधा.

हे वाचून तुम्हाला धक्का बसला असेल. दीर-नणंदेने या घरासाठी एक पैसा दिला नाही, तरी त्यांची सही? हो, सही लागते. आजवर ज्या कुटुंबांचे असे कागद मी बघितले, त्यांत मुदतवाढीपेक्षा जास्त दिवस याच गाठीत गेले, कारण घेणाऱ्याच्या वकिलाने शोधून काढेपर्यंत कोणी हा विषय काढलाच नव्हता. तुम्ही तो आजच काढा. दिरांना गिऱ्हाईक यायच्या आधी कळलं तर ते घरातलं बोलणं राहतं. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना कळलं तर तो सौदा होतो. दोघांनी तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, एवढंच मागणं आहे. साध्या कागदावरची किंवा नुसती नोटरीची ना-हरकत इथे पुरणार नाही. मुलांचंही तसंच, ती तुमचीच आहेत म्हणून सोडून देऊ नका. मुद्रांक किती लागेल ते दस्त करण्याआधी वकिलाकडून लिहून घ्या. वारसांबद्दल कागदाची मागणी झालीच, तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला हा भरवशाचा मार्ग आहे. त्याला काही महिने लागतात, म्हणून त्याची चौकशी आत्ताच करा.

मुद्रांकाचं एक काम आणखी आहे. १९९६ चा करारनामा त्या काळच्या बाजारभावाप्रमाणे योग्य मुद्रांकावर झालेला दिसत नाही. तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो, आणि तो तुटीच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. आकडा ऐकून घाबरू नका. मूळ रक्कम १९९६ च्या भावावरची असते, आजच्या नाही. ठाण्याच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दस्त अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती ते ठरवून घेण्यासाठी, देऊन नेमका आकडा लेखी मिळवा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने १९८० ते २०२० मधल्या दस्तांसाठी दंडात मोठी सवलत देणारी अभय योजना आणली होती. सिडकोनेही जुन्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीच्या व्यवहारांसाठी अशी संधी दिलेली आहे. या योजना येतात तेव्हा त्यांची शेवटची तारीख जवळच असते, म्हणून तुमची फाईल आधीच तयार हवी.

आता तो एजंट. चार लाखांत तो नक्की कोणतं काम करणार, हे त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही. पट्टा असतो इमारतीखालच्या अख्ख्या भूखंडाचा. त्यातून तुमच्या एका घरापुरती वर्षं कापून कोणी वाढवून आणेल, असं नसतं. आणि ज्या घराला सिडकोच्या दप्तरी तुमचं नावच नाही, त्याच्यासाठी तो कोणाच्या नावाने अर्ज करणार? नेरूळला माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने अशाच एका माणसाला दोन हप्त्यांत पैसे दिले. महिन्याभराने त्यांच्या हातात काय आलं, तर त्यांच्याच अर्जाची पोच. ती पोच कोणालाही फुकट मिळते. सरकारी शुल्क नेहमी अधिकृत मागणीपत्रावर येतं आणि अधिकृत खात्यातच भरायचं असतं. ज्या पैशाची पावती मिळणार नाही, तो पैसा द्यायचा नाही. चांगला वकील त्याची फी सांगतो, पावती देतो आणि अर्जावर तुमची सही घेतो. तोच खर्च करा.

सेक्रेटरींचं म्हणणं मात्र पूर्ण चुकीचं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकरकमी शुल्क घेऊन सिडकोच्या जमिनींचा पट्टा ९९ वर्षांपर्यंत नेण्याला मान्यता दिली होती. २०२४ मध्ये फ्रीहोल्डचा विषय पुन्हा जोरात आला, पेढेही वाटले गेले. लोकांना आनंद झाला तो मला पूर्ण समजतो. पण बँकेच्या टेबलावर बातमीचं कात्रण चालत नाही. तिथे लागतो शासनाचा आदेश, त्यावर निघालेलं सिडकोचं परिपत्रक, आणि तुमच्या भूखंडापुरता नोंदणी झालेला दस्त. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो, मग वाढीव पट्टा तरी तोंडी कसा होईल? तेव्हा “थांबा” या शब्दाच्या जागी सेक्रेटरींकडून एक सभा मागा.

त्या सभेत काय ठरवायचं ते सांगते. असोसिएशनकडे मूळ लीज डीड आहे का, हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी त्याची तिसऱ्या पिढीची झेरॉक्स फिरत असते आणि तिच्यात नेमकं मुदतीचं कलम पुसट असतं. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते, ती काढा. मुदत नक्की कोणत्या तारखेपासून मोजायची, नूतनीकरणाचं कलम आहे की नाही, आणि असेल तर किती आधी अर्ज करायचा, या तीन ओळी मोठ्याने वाचून दाखवा. मग मुदतवाढीसाठी अर्ज करण्याचा ठराव करा आणि सगळ्यांनी मिळून एकच वकील नेमा. खर्च डीडमधल्या हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणे वाटा. दर घराला सारखी रक्कम ठरवली की लहान घरवाल्यांवर अन्याय होतो, आणि भांडण तिथूनच पेटतं.

इमारत जुनी आहे, पुनर्विकासाचं बोलणं आज ना उद्या होईलच. तेव्हा मुदतवाढीचं शुल्क कोण भरणार हे विकास करारनाम्यात अक्षरी आणि अंकी लिहून घ्यायला सेक्रेटरींना सांगा. नव्या इमारतीतली घरं विकणाऱ्या बिल्डरलाही लांब मुदतीचा पट्टा हवाच असतो, म्हणून त्या वेळी रहिवाशांचा हात वर असतो. करारावर सह्या झाल्या की तो खाली येतो.

सिडकोकडून माहिती काढण्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बेलापूरच्या सिडको भवनातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा. तुमच्या घराच्या नोंदी कोणाच्या नावे आहेत, काही थकबाकी आहे का, हस्तांतरणाचं आजचं शुल्क किती, आणि पट्ट्याच्या मुदतवाढीबाबत तुमच्या इमारतीला लागू असलेला आदेश कोणता, त्याची प्रत द्या, एवढं विचारा. नस्तीची, म्हणजे सिडकोकडच्या फाईलची, पाहणी करायची आहे असंही त्यातच लिहा. आमच्या वडिलांच्या घराच्या वेळी मूळ वाटपपत्र आम्हीच कुठेतरी हरवून बसलो होतो आणि दोन महिने घरातले ट्रंक उपसण्यात घालवले. नस्ती बघायला गेलो, तर त्याची स्वच्छ प्रत तिथे लावलेली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी नस्ती बघा असं सांगते.

राहिलं पंधरा लाख कमी देणारं गिऱ्हाईक. माझं स्पष्ट मत, आत्ता देऊ नका. पहिलं कारण, आजच्या कागदांवर तुम्ही त्यालाही नीट विक्री करून देऊ शकत नाही. तोही तुमच्याकडून करारनामा आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीच घेईल. १९९६ चीच गोष्ट पुन्हा होईल, आणि या वेळी वादात ओढल्या जाणाऱ्या तुम्ही असाल. दुसरं, नाव लागलं, वारसांचे दस्त झाले, मुद्रांक पुरा झाला, की लीजची वर्षं तीच राहूनसुद्धा घराची किंमत सावरते. कमी वर्षांचं कर्ज घेणारं मध्यमवयीन गिऱ्हाईक तेव्हा पुढे येऊ शकतं, आज त्यालाही दार बंद आहे. आणि “थोडे रोख घ्या” असं त्याने म्हटलं असेल, तर घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, हे त्याला सांगा.

टोकन दिलेल्या माणसांना या आठवड्यातच खरं काय ते सांगा. पत्र लिहा, मुलाकडून तपासून घ्या आणि पोच ठेवा. घराचं हस्तांतरण नियमित व्हायचं आहे, वारसांचे दस्त व्हायचे आहेत, याला काही महिने लागतील. थांबणार असाल तर नवी तारीख आणि मुदतवाढीच्या शुल्काची वाटणी लिहून ठरवू, थांबायचं नसेल तर तुमचे १ लाख या तारखेला खात्यात परत करते. ते पैसे मोडले असतील तर मुलांकडून घ्या, पण परत करा.

आणि तुमचे गुडघे. कागद जमायला आठ महिने लागोत की दीड वर्ष, तोवर तुम्ही रोज दोन मजले चढायचे, हे मला पटत नाही. घर विकल्याशिवाय डोंबिवलीला जाता येणार नाही असं तुम्ही धरून बसलात, पण ते तसं नाही. वाशीचं घर लीव्ह अँड लायसन्सने द्या, करार ११ महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करा, महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची असते. असोसिएशनला कळवा आणि लायसन्ससाठी सिडकोची काही अट आहे का, ते त्याच माहिती अधिकाराच्या अर्जात विचारून टाका. वाशीच्या भाड्यात मुलीच्या जवळपास लिफ्ट असलेलं घर भाड्याने मिळायला हवं. तिकडे जाताना कागदांची पिशवी सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातात ठेवा. आणि सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला कराडहून आणायला दिरांना सांगाल, तेव्हा हक्कसोडपत्राचा विषयही त्याच फोनवर काढा.

तुमची,
ताई